प्रयोगशाळेचं कुलूप

(विद्यार्थी-युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तिथं तशीच ठेवली आहे.)



आजच्या अभ्यासवर्गाला विषय दिलाय हायस्कुलातल्या विज्ञानशिक्षणाचा. विषय ऐकून मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती माझ्या कानावर आली. अत्याचार चालू आहेत, नोकरभरती होत नाही, वस्तीवर बुलडोझर येतोय, आणि हा मास्तर परीक्षानळी घेऊन कुठं आला मधेच? सवाल रास्त आहे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आठवीत वर्ग डोक्यावर घेणारं, दर दोन मिनिटांनी 'सर, असं का?' विचारणारं पोर दहावीला येईपर्यंत मुकं झालेलं असतं. हे मी वर्षानुवर्षं बघतोय. त्याचं तोंड कुणी शिवलं? हा चळवळीचा प्रश्न नसेल तर कुणाचा आहे?

पाण्यापासून सुरुवात करू. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. हे प्रत्येक पोराला पाठ असतं. आता त्याच पोराला महाडची गोष्ट सांगा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. पाठोपाठ लोक प्याले. ज्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, तिथं माणसं प्याली म्हणून तळं बाटलं! मग गावच्या शहाण्यांनी तळ्यातून १०८ मडकी पाणी उपसलं आणि शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेली मडकी मंत्र म्हणत तळ्यात बुडवली. झालं तळं शुद्ध.

महाडचा दिवस आपण दरवर्षी पाळतो. भाषणं होतात, गाणी होतात. पण विज्ञानाच्या तासाला कुठला मास्तर विचारतो का, की पोरांनो, माणसाच्या ओंजळीनं पाण्यात काय गेलं आणि शेणाच्या मडक्यातनं काय गेलं? दोन थेंब घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, आणि बघा कुठल्या थेंबात वळवळ जास्त आहे. चाळीस मिनिटांच्या एका तासात विटाळाचा निकाल लागेल. पण नाही. पाण्याचं सूत्र विज्ञानात, महाड इतिहासात, आणि दोन्ही तासांच्या मध्ये घंटा. ही घंटा फार हुशार आहे, मित्रांनो. ती दोन गोष्टींची गाठ पडू देत नाही.

दुसरी गोष्ट फळ्याची. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले, १९०७ साली मॅट्रिक झाले. तिथं एकदा गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. पोरं धावली, डबे बाजूला सारले, मग भीमराव आंबेडकर फळ्यापर्यंत पोचले. हे खेड्यात नाही, मुंबईत. मिशनऱ्याच्या झोपडीत नाही, सरकारी हायस्कुलात. आज फळ्यामागं डबे नाहीत, हे खरं. पण फळ्यापर्यंत पोचायच्या वाटेवर आज काय काय मांडून ठेवलंय, ते बघितलं पाहिजे.

पहिलं म्हणजे प्रयोगशाळेचं कुलूप. आपल्या वस्तीतली पोरं ज्या शाळांत जातात, त्यातल्या कितीतरी शाळांत प्रयोगशाळा नावाची खोली असते. दारावर पाटी असते, पाटीखाली कुलूप असतं, आणि चावी हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात. आत कपाटात काचेची भांडी. प्रत्येक भांड्यावर रजिस्टरचा नंबर. त्या रजिस्टरला काय म्हणतात ठाऊक आहे? डेडस्टॉक. मेलेला माल. नाव अगदी बरोबर ठेवलंय. पोरांनी नळी फोडली तर भरपाई कोण करणार, म्हणून पोरांना हात लावू द्यायचा नाही. आम्ल संपलंय. स्पिरिटचा दिवा आहे, स्पिरिट नाही. सहायकाची जागा रिकामी आहे. काही ठिकाणी तर त्याच खोलीत निवडणुकीचं सामान आणि मोडके बाक रचलेले.

पण परीक्षा तर होते! दहावीच्या विज्ञानात शंभरातले वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते गुण पोरांना मिळतात, मास्तर देतात, कारण दिले नाहीत तर निकाल पडतो. मग जर्नल कसं पुरं होतं? मागच्या वर्षीच्या पोराचं उतरवून. खिळ्याचा प्रयोग घ्या. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडाचा खिळा ठेवला की हळूहळू निळा रंग फिका होऊन हिरवट होतो, खिळ्यावर तांबूस थर चढतो. लोखंड तांब्याला हुसकून त्याची जागा घेतं. काय देखणा प्रयोग आहे! आणि आपलं पोर जर्नलात लिहितं, 'द्रावणाचा निळा रंग बदलून हिरवा झालेला दिसला.' दिसला? त्यानं निळा बघितला नाही, हिरवा बघितला नाही, खिळाही बघितला नाही. खाली मास्तरांची सही, शाळेचा शिक्का.

मी याला खोटी साक्ष म्हणतो. निरीक्षण म्हणजे काय? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ते सांगणं. तीच साक्ष. पंधरा वर्षांच्या पोराला आपण शिक्का मारून शिकवतो, की न बघितलेलं 'बघितलं' असं लिही, गुण मिळतील. जे पोर हे शिकलं, ते उद्या बघितलेलं 'बघितलं नाही' असंही सांगेल. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार फुटतात, म्हणून आपण कोर्टाच्या पायरीवर कपाळ बडवतो. धाक असतो, पैसा असतो, पोटाची भीती असते, सगळं कबूल. पण डोळ्यांवर भरवसा ठेवायचा आणि जे दिसलं त्याला चिकटून राहायचं, याचं शिक्षण तरी आपण कुठं दिलंय? ते देण्याची शाळेतली जागा एकच होती. तिला कुलूप आहे.

या देशात हजारो वर्षं एकच पद्धत चालली. ग्रंथात आहे म्हणून खरं, गुरूनं सांगितलं म्हणून खरं. तथागतांनी कालामांना नेमकं याच्या उलट सांगितलं. परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. धम्म घेतलेल्या समाजाच्या पोरांना विज्ञान मात्र पोथीसारखं पाठ करायला लावलं जातंय. न्यूटनचा नियम घोका, ओहमचा नियम घोका. पठण तेच, फक्त मंत्र बदलला.

त्याचं फळ काय निघतं? २१ सप्टेंबर १९९५ आठवा. तुमच्यातले बहुतेक तेव्हा जन्मले नव्हते, घरी विचारा. गणपती दूध प्यायला लागला! देशभर देवळांपुढं रांगा. त्या रांगांत विज्ञानाचे पदवीधर होते. पृष्ठताण आणि केशाकर्षण त्यांच्या जर्नलात होतं, सहीशिक्क्यासह होतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, की चमच्यातलं दूध मूर्तीवरून पातळ पापुद्र्यासारखं खाली ओघळतंय. हे कुठल्याही आठवीच्या पोरानं चमचा आणि ओला दगड घेऊन दाखवलं असतं, जर त्याला कधी कुणी चमचा हातात दिला असता. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य, असं ४२व्या दुरुस्तीनं १९७६ साली संविधानात आलं, कलम ५१ क. कर्तव्य पोरावर टाकलं. साधन द्यायचं कुणी?

आता हाताबद्दल बोलतो. प्रयोगाला हात लागतो. हात भिजतो, भाजतो, काळा होतो. जातिव्यवस्थेनं काय केलं? डोकं एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला. डोक्याला ग्रंथ दिला, हाताला विटाळ दिला. कातडं कमावणाऱ्यानं चुन्याच्या कुंडात कातडं भिजवून केस सैल केले, बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं ते टिकाऊ केलं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून ठेवतं, म्हणून कातडं कुजत नाही. हे रसायनशास्त्र आहे. पण ते करणाऱ्याला गावाबाहेर ठेवलं आणि त्याचं पोर हायस्कुलात आलं, तेव्हा त्याला सांगितलं, रसायनशास्त्र युरोपात सुरू झालं, पान अमुक बघ. गैरसमज नको. मला ते कुंड परत नको, मेलेलं ढोर परत नको. बाबासाहेबांनी ती कामं सोडा म्हणून सांगितलं आणि आपण सोडली. पण त्या हातात ज्ञान होतं, आणि ते ज्ञान म्हणून कुठल्याच पुस्तकात आलं नाही, हे पोराला कळायला हवं. मग ते प्रयोगशाळेत परक्याच्या घरात आल्यासारखं अंग चोरून उभं राहणार नाही.

आणि काही ज्ञान असं आहे, की ते आपल्याला मिळालं नाही म्हणून आपली माणसं मेली. रसायनाच्या पुस्तकात हायड्रोजन सल्फाइड येतो. रंगहीन वायू, सडक्या अंड्यासारखा वास, हवेपेक्षा जड. दोन गुणांचा प्रश्न. गटारात, सेप्टिक टँकमध्ये मैला हवेविना कुजतो, जिवाणू हाच वायू तयार करतात. जड असल्यानं तो तळाशी साचतो. आणि पुस्तकातल्या त्या ओळीत एक गोष्ट सहसा नसते. या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे वास येत होता, आता येत नाही, माणसाला वाटतं वायू गेला. वायू गेलेला नसतो, वाढलेला असतो. माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रात बातमी येते, 'गुदमरून मृत्यू.'

२०१३ साली हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा नवा कायदा झाला. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली, माणसं उतरायची थांबली नाहीत. कोण उतरतं, हे या सभेत सांगायची गरज नाही. मी वर्गात तो धडा शिकवतो, तेव्हा समोर अशी पोरं असतात, की ज्यांच्या घरातला माणूस त्याच कामावर गेलेला असतो. त्यांच्यासाठी तो प्रश्न दोन गुणांचा नाही. त्या पोरानं घरी जाऊन सांगायला पाहिजे, बाबा, वास यायचा बंद झाला म्हणजे धोका वाढला. मशीन आणि उपकरणं नसतील तर झाकण उघडून आत पाय टाकू नका, कायदा तुमच्या बाजूला आहे. मी म्हणतो ते विज्ञानशिक्षण हे.

तिसरा अडथळा भाषेचा. अपवर्तन, अपस्करण, क्षपण, उदासिनीकरण, अभिक्रियाशीलता. हे शब्द आपल्या चाळीत, झोपडपट्टीत कुणाच्या तोंडी आहेत? पोराला आधी शब्दाशी झुंजायचं, मग त्यातून उरलेल्या ताकदीनं विज्ञानाशी. यावर तोडगा म्हणून सेमी-इंग्रजी आलं. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. एका न कळणाऱ्या भाषेच्या जागी दुसरी न कळणारी भाषा! मी इंग्रजीच्या विरोधात नाही. इंग्रजी आपल्याला पाहिजे, कडक पाहिजे. पण अर्थाशिवाय पाहिजे असं कुणी सांगितलं?

आणि आपली पोरं मुळातच मठ्ठ, हे जे शिक्षकांच्या खोलीत हळू आवाजात बोललं जातं, त्याचा निकाल कधीच लागलाय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. सुरुवात झाली नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. या केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मुंबईच्या महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुलं घेऊन काम केलं. मुलं कुठं अडतात ते शोधलं. भाषेचा अडसर मोठा निघाला. तो काढला, शिकवण्याची पद्धत बदलली, आणि तीच मुलं शालान्त परीक्षेत वर आली. पोरं तीच, घरं तीच, जात तीच. बदललं ते शिकवणं. मग मठ्ठ कोण होतं?

दुसरा दाखला शेजारच्या राज्यातला. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती आणि रसूलिया या संस्थांनी सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. खेड्यातल्या साध्या सरकारी शाळा. पोरं चारचारांच्या टोळीनं प्रयोग करायची, जे दिसलं ते वहीत लिहायची, त्यावर भांडायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी, कारण पाठांतर विचारायचंच नव्हतं. १९७८ला तो कार्यक्रम जिल्हाभर झाला, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं पुढं नेला. तीस वर्षं चालला. आणि २००२ साली राज्य सरकारनं बंद केला. गरिबांच्या शाळेत प्रयोग होऊ शकतो हे तीस वर्षं सिद्ध झालं, आणि एका हुकुमानं संपलं. यातनं धडा घ्या. सरकारनं दिलेलं सरकार काढून घेतं. वस्तीनं धरून ठेवलेलं काढून घेणं अवघड जातं.

आता आपल्या दारात काय वाढून ठेवलंय ते सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बाहेर आली. दहावीला गणितात, विज्ञानात ३५ गुण नाही मिळाले, पण २० मिळाले, तरी अकरावीला जाता येईल. मात्र गुणपत्रिकेवर शेरा, की या विद्यार्थ्याला पुढं गणित, विज्ञान घेता येणार नाही. शेरा नको असेल त्यानं पुन्हा परीक्षेला बसावं.

आपल्यातल्या काहींना हे बरं वाटलं, आणि का वाटलं ते मी समजू शकतो. गणित-विज्ञानात नापास झालं की आपलं पोर शाळेबाहेर पडतं, नाक्यावर उभं राहतं, पोरीचं लग्न लावून देतात. त्या पोराला पुढं जायला वाट मिळाली तर मी आडवा येणार नाही. पण शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर पडेल, याचा विचार करा. ज्याच्या शाळेची प्रयोगशाळा उघडी आहे, ज्याला शिकवणी आहे, घरात टेबलखुर्ची आहे, त्याच्या? शाळेनं प्रयोगशाळा दिली नाही, सहायक दिला नाही, आणि शेरा मात्र पोराच्या कपाळावर, की हा अपात्र! शाळेच्या कपाळावर शेरा कुठाय? पंधराव्या वर्षी कायमचं ठरवायचं, की याचा हात मशीनवर आणि त्याचं डोकं प्रयोगशाळेत. ही वाटणी आपण ओळखतो. तिला जुनं नाव आहे.

आणि कुणी म्हणेल, विज्ञान घेऊन वर गेलेल्यांचं तरी काय भलं झालं? हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाचं काय झालं, १७ जानेवारी २०१६ ला, ते आपण विसरलो नाही. कार्ल सेगनसारखा विज्ञानाचा लेखक व्हायचं त्याचं स्वप्न होतं. शेवटच्या पत्रात त्यानं ते लिहून ठेवलं. आकाशातल्या ताऱ्यांवर लिहायला निघालेला आपला पोरगा. वरच्या मजल्यावरची लढाई वेगळी आहे, ती लढावी लागेलच. पण ती लढायला तिथवर पोचणारी पोरं हायस्कुलातूनच जातात. तळमजल्याचं दार बंद झालं तर वरच्या मजल्यावर लढायला कोण उरणार?

मग करायचं काय? नुसतं तापून उपयोग नाही.

एक. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. महापालिकेच्या, अनुदानित शाळेत अर्ज टाका. या वर्षी नववी-दहावीचे कुठले प्रयोग कुठल्या तारखांना झाले? रसायनं शेवटची कधी विकत घेतली? प्रयोगशाळा सहायकाची जागा भरली आहे का? तीन प्रश्न बस. मास्तरांशी भांडायला जाऊ नका. पुष्कळ मास्तरांना प्रयोग करायचा असतो, त्यांना तुमच्या अर्जाचा आधार होईल.

दोन. वस्तीत, विहारात, समाजमंदिरात रविवारी दोन तास प्रयोगाचे. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा, चुन्याच्या निवळीचा थेंब टाका, पिवळा कागद लाल होतो. कुंकू असंच हळद आणि चुन्यापासून करायची रीत आहे, तेही पोरींना सांगा. ज्या रंगावरून बाईचं शुभ-अशुभ ठरवतात, तो रंग कसा होतो ते एकदा स्वतः करून बघू द्या. मोरचूद आणि खिळा. मोरचूद विषारी आहे, हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायचा नाही. एक भिंग आणि पांढरा कागद, खिडकीसमोर धरा, बाहेरचं झाड कागदावर उलटं उमटतं. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडल्या की अणू-रेणूंचे सांगाडे तयार. फार पैसे लागत नाहीत.

तीन. पोरानं जे बघितलं तेच लिहायचं, आणि स्वतःच्या भाषेत लिहायचं. रंग बदलला नाही तर 'बदलला नाही' असं लिहायचं, मग का बदलला नाही ते शोधायचं. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून खोडायचं नाही.

चार. नळ्या धुवायला पोरी आणि प्रयोग करायला पोरं, हे आपल्या वर्गात चालणार नाही. सावित्रीमाईंचं नाव घ्यायचं आणि पोरीला बादलीकडं पाठवायचं, हा दुटप्पीपणा आपल्यातसुद्धा आहे.

पाच. शेऱ्याच्या प्रश्नावर संघटनेनं भूमिका घ्यावी. मागणी साधी आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळा चालू नाही, त्या शाळेतल्या पोराला विज्ञानाला अपात्र ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

इथं कॉलेजात सायन्सला असलेले हात वर करा. अकरा. अकरा जण आणि या वस्तीत आठवी ते दहावीची पोरं किती, ते तुम्हीच मोजा. सभा संपल्यावर अकरा जणांनी थांबायचं, वार आणि वेळ ठरवायची. बाकीच्यांनी उद्या सकाळी शाळेच्या दारात उभं राहून एवढंच विचारायचं, प्रयोगशाळेची चावी कुणाकडं आहे?

जय भीम.